गाठ न मारता बांधायचं: जपानी दोरीच्या वर्गातले आठ महिने

दोरवेल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

लहानपणी सात वर्षं दोरीचा मल्लखांब केला. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरून वर सरकायचं. तिथली कातडी अजून जाड आहे, मोजे लवकर फाटतात. पुढे शिक्षण, नोकरी, लग्न, आणि आता मुक्काम तोक्योत, निशी-कासाईला, म्हणजे जिथे तूरडाळ आणि कढीपत्ता दोन्ही मिळतात त्या भागात. पाठ बोलायला लागली म्हणून सहा वर्षांपूर्वी जोदोच्या वर्गात नाव घातलं.

जोदो म्हणजे १२८ सेंटीमीटरच्या काठीने तलवारीला सामोरं जायचं. परंपरेचं नाव शिंतो मुसो-र्यू. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मुसो गोन्नोसुके याने ती घालून दिली आणि फुकुओकाच्या कुरोदा घराण्याच्या पदरी ती वाढली. या काठीच्या पोटात आणखी विद्या दडलेल्या आहेत: जुत्ते नावाचा लोखंडी दांडका, साखळी लावलेला कोयता, आणि इत्तात्सु-र्यू नावाची होजोजुत्सु. होजो म्हणजे माणूस पकडायची दोरी. ती वरच्या पायरीवर पोचलेल्यांनाच शिकवतात. माझा नंबर आठ महिन्यांपूर्वी लागला.

पहिल्या दिवशी मी मनातून खुशीत होते. दोरी म्हणजे आपलं माहेर, इथे कोण आपल्याला शिकवणार!

आमचे सेन्सेई सत्तरी ओलांडलेले आहेत. ते स्वतः चटईवर पालथे झोपले आणि म्हणाले, "बांध." मी त्यांचा उजवा हात धरून पाठीवर आणला, मनगटाला वेढा घातला, दंडावरून दोरी फिरवली, ओढली. ते शांतपणे उठून बसले. दोरी माझ्या हातात, ते मोकळे. पुन्हा झोपले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी उठताना जांभई दिली.

मग दोरीची पिशवी कपाटात गेली, ती तीन आठवडे बाहेर आली नाही. तीन आठवडे नुसतं मनगट धरायचं. माझ्या थोरल्या सहाध्यायीने, सेनपाईने, एवढंच सांगितलं की पकड आधी, दोरी ही नुसती पावती.

इथे एक शब्द सांगते, कुझुशी. ज्युदोवाल्यांना माहीत असेल. समोरच्याचा तोल ढळवणं. आपल्याला वाटतं तोल ढळवायचा म्हणजे ढकलायचं. पण ढकललं की माणूस सावध होतो, सगळं अंग एकवटतो आणि जास्तच घट्ट उभा राहतो. त्याच्या कोपराला हलकंसं वर उचलून दोन बोटं आत वळवलं की तो एका पायावर येतो, आणि अर्ध्या श्वासापुरतं त्याचं अंग आधार शोधत असतं. त्या अर्ध्या श्वासात तुम्ही जो आधार द्याल तो तो घेतो. चटई दिलीत तर चटई, तुमचा गुडघा दिलात तर गुडघा. दोरी तिथे शिरते. जोर लावून शिरत नाही.

श्वासाचंही तसंच. तिसऱ्या आठवड्यात माझा डावा तळवा सेन्सेईंच्या दोन खांद्यांच्या मध्ये होता. त्यांच्या पाठीला शिप्पू चिकटवलेलं (इथल्या म्हाताऱ्यांची दुखऱ्या पाठीवरची पट्टी, अमृतांजनच्या चुलतभावासारखा वास), आणि त्या वासात तोंड खुपसून मी बसले होते. तेव्हा पहिल्यांदा कळलं की श्वास सोडताना माणसाचे खांदे खाली उतरतात आणि हात आपोआप थोडे जवळ येतात. मी आतापर्यंत नेमकी श्वास घेताना ओढत होते! फुगणाऱ्या बरगड्यांवर दोरी आवळली तर श्वास सोडल्यावर ती सैल पडणारच. सेन्सेई जांभई देऊन उठायचे त्याचं रहस्य एवढंच.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. जुन्या परंपरांच्या कातांमध्ये, म्हणजे ठरलेल्या चालींच्या सरावात, दोन भूमिका असतात. आमच्याकडे तलवारवाला म्हणजे उचिदाची आणि काठीवाला म्हणजे शिदाची. तलवारवाला दर वेळी हरतो आणि तो नेहमी थोरला असतो. नवख्याला जिंकायला लावायचं आणि त्याने नीट जिंकावं म्हणून आपण नीट हरायचं, हे शिकवणाऱ्याचं काम. दोरीतही तेच आहे. बांधून घेणारा थोरला. मी चुकले की त्याचा खांदा किंचित कडक होतो, बरोबर जमलं की तो जड होतो. तोंडाने एक अक्षर नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे सासूबाईंसारखं."

आणि गाठीची गंमत. आरोपीला जागेवर पकडताना वापरायची ती हायानावा, झटपट दोरी. पुढे नेण्या-आणण्यासाठी आणि न्यायासमोर उभं करण्यासाठी बांधायची ती होन्नावा. हायानावात गाठ मारत नाहीत! वेढे, पीळ, आणि शेवटचं टोक पकडणाऱ्याच्या मुठीत. एदो काळात (१६०३ ते १८६८) दोरीने बांधलं जाणं हीच बेअब्रू होती. त्याला 'नावामे नो हाजी' असा शब्दच आहे, दोरीच्या वळांची लाज. अजून ज्याच्यावर काही शाबीत झालेलं नाही त्याला गाठ मारून 'बांधायचं' कसं? म्हणून गुंडाळायचं. गाठ नाही, म्हणजे बांधलेलं नाही. कायद्याची पळवाट म्हणा, माणुसकी म्हणा.

मी त्या रात्री दादरला आमच्या बाईंना फोन लावला. कारण दोरीच्या मल्लखांबातही दोरीला गाठ मारायची नसते, सगळं अढी आणि पकड यांवर. बाई ऐकून म्हणाल्या, "गाठ मारून लटकलं की तो झोका झाला."

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

पावटा

मी पयली! चटई टाकून बसलेय. सासूबाईंच्या वाक्याला दंडवत.

निरगाठ

सुंदर लिहिलंय. आमच्या गावाकडची एक गोष्ट आठवली. नवीन आणलेला खोंड दावणीला बांधायचा तर आजोबा दावं खांद्यावर टाकून नुसते त्याच्याशेजारी उभे राहायचे. मानेवरून हात फिरवत, खरारा करत. खोंडाने मान खाली घातली की दावं गळ्यात. मी एकदा आधी दावं पुढे केलं, तर खोंड उधळला आणि मी शेणात. तुमचे सेन्सेई आणि आमचे आजोबा एकाच शाळेतले.

अवांतर: सुरगाठ, निरगाठ, फासगाठ, सरकफास अशी आपल्याकडेही गाठींची मोठी यादी आहे. माझं टोपणनाव त्यातूनच घेतलंय. एकदा बसली की सुटत नाही, असं बायको म्हणते.

रात्रपाळी

धागा आवडला. पण सगळ्यांच्या मनात असलेला प्रश्न मीच विचारतो. हे ते... 'तेच' ना? शिबारी वगैरे?

पावटा

@रात्रपाळी, वाटच बघत होते कोण विचारतंय याची.

दोरवेल

@निरगाठ, खोंडाचं उदाहरण वर्गात सांगणार आहे. 'खरारा'ला जपानीत काय म्हणायचं ते शोधते.

@रात्रपाळी, प्रश्न रास्त आहे, लाजायचं काय त्यात. शिबारी या शब्दाचा साधा अर्थ बांधणं. वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधला तरी क्रियापद तेच. तुम्ही म्हणताय त्या प्रकाराला इथे किन्बाकु असाही शब्द आहे. तो प्रौढांमधला, दोघांच्या राजीखुशीचा मामला, आणि त्याची वंशावळ या पोलिसी दोरीपर्यंत जाते, पण सरळ नाही, रंगमंचावरून वळसा घेऊन. काबुकीत दोरीने बांधलेली माणसं खूप. एका प्रसिद्ध प्रवेशात सेश्शू या चित्रकाराची नात चेरीच्या झाडाला बांधलेली असते. हात बांधलेले, म्हणून ती गळून पडलेल्या पाकळ्यांमध्ये पायाच्या अंगठ्याने उंदीर काढते. ते उंदीर जिवंत होतात आणि दोरी कुरतडून तिला सोडवतात. (पायाच्या अंगठ्याने! मी प्रेक्षागृहात मोठ्याने हसले, शेजारच्या आजींनी वळून पाहिलं.) पुढे इतो सेइउ (१८८२ ते १९६१) या चित्रकाराने एदोतल्या शिक्षा आणि असे नाट्यप्रसंग यांवरून चित्रं काढली, छायाचित्रं घेतली, आणि युद्धानंतरच्या मासिकांतून त्याचा वेगळाच पंथ झाला.

माझा वर्ग तो नाही. पण नाक मुरडायचंही मला कारण दिसत नाही. आमच्या वर्गात त्या बाजूने आलेली एक बाई आहे. समोरच्याचा श्वास वाचणं तिला पहिल्या दिवसापासून येत होतं. मला तीन आठवडे लागले. ती म्हणाली, "आमच्यात आधी विचारतात. मग बांधतात. मग पुन्हा विचारतात." आमच्यात विचारत नाहीत, नमस्कार करतात. दोन्हींत काम तेच होतं असं मला वाटतं, पण तिचा मार्ग जास्त स्वच्छ आहे हे कबूल करते.

फिजिओताई

छान माहिती. माझ्या धंद्याच्या दृष्टीने चार शब्द, कारण हे वाचून कोणीतरी आज रात्री घरातली नाडी काढणारच आहे.

दंडाच्या बाहेरच्या बाजूला, कोपर आणि खांदा यांच्या साधारण मध्यावर, रेडियल नावाची नस हाडाला अगदी चिकटून जाते. तिथे दाब पडला तर मनगट लुळं पडतं, पंजा वर उचलता येत नाही. दारू पिऊन खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलेल्यांचे असे रुग्ण आम्ही नेहमी बघतो. बरं व्हायला कधी काही दिवस, कधी काही महिने. मुंग्या येतीलच असं नाही, त्यामुळे "मुंग्या येतायत का" एवढं विचारून भागत नाही. दर थोड्या वेळाने "पंजा मागे उचलून दाखव" असं सांगा. नाही उचलता आला तर सोडवत बसू नका, कापा. बोथट टोकाची कात्री हाताशी हवीच. गळ्याशी दोरी कधीच नाही. आणि बांधलेल्या माणसाला एकटं सोडून चहा टाकायला जायचं नाही.

दोरवेल

@फिजिओताई, शतशः आभार. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

लिहिलं नाही त्याला कारणही आहे, थोडी लाज वाटली. पाचव्या महिन्यात मी सेनपाईच्या दंडावर वेढा जरा वर, नेमका त्याच जागी घेतला. ती काही बोलली नाही, कारण थोरल्याने बोलायचं नाही हा आमच्याकडचा शिरस्ता. वर्ग संपल्यावर तिला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना. दोन दिवसांत हात ठीक झाला, पण ते दोन दिवस मी झोपले नाही. सेन्सेईंनी त्यानंतर शिरस्ता मोडला. आता बांधून घेणारा चटईवर दोनदा थोपटतो की हातातलं सगळं टाकून दोरी सोडायची. ज्युदोत हे आहेच. जुन्या प्रकारांत गळ्याभोवती फासही असे, माणूस जितका धडपडेल तितका आवळणारा. तो आम्हाला फक्त पुतळ्यावर दाखवतात.

कट्ट्यावरचा बापू

मला या सगळ्याचं कौतुक वाटत नाही, स्पष्टच सांगतो. पोलिसांनी माणसं कशी बांधली याला 'कला' म्हणायचं? उद्या कोणी आपल्याकडच्या कोठडीतल्या पट्ट्यालाही कला म्हणेल. श्वास वाचा, तोल वाचा, छान. पण ज्याला बांधलं जात होतं तो सराव करायला आला नव्हता.

पावटा

धाग्याचं काश्मीर होणार बहुतेक.

दोरवेल

@बापू, तुमचं म्हणणं मी टाळत नाही. आणखी ऐका. होन्नावा, ती दुसरी, सावकाश बांधायची दोरी, माणसाच्या दर्जाप्रमाणे बदलत असे. सामुराईला एक बांधणी, भिक्षूला एक, बाईला एक, भिकाऱ्याला एक. दुरून येणाऱ्याला पाठीवरची नक्षी बघून कळावं की कोण चाललंय.

कट्ट्यावरचा बापू

म्हणजे बांधतानाही जात विचारून. मग आपलं आणि त्यांचं गोत्र जुळलं.

दोरवेल

हो. मला ते शिकवलं तेव्हा वर्गात कोणाला काही वाटलं नाही, मला वाटलं. मी सेन्सेईंना विचारलं की हे आपण का शिकतो. ते म्हणाले की माहीत असलेलं बरं. मला ते उत्तर अपुरं वाटतं, अजूनही.

या विद्येचे चार दंडक सांगतात: कैदी सुटता कामा नये, त्याच्या शरीराला-मनाला इजा होता कामा नये, बांधायची पद्धत इतरांना कळता कामा नये, आणि दिसायला देखणं हवं. दुसरा आणि चौथा दंडक वाचून कोणालाही बरं वाटेल. पण त्याच काळात त्याच दोरीने लोक वधस्तंभाकडे नेले जात. ओचानोमिझूला मेइजी विद्यापीठाचं संग्रहालय आहे, तिथे गुन्हे आणि शिक्षा असा एक विभाग आहे. जुत्ते, माणसाचा गळा भिंतीशी दाबायचा लांब दांड्याचा दुबेळका, बाहीत अडकवायचा काटेरी दांडा, शेजारी युरोपातल्या गिलोटिनची प्रतिकृती. मी तिथे दोनदा गेले. पहिल्यांदा वर्ग सुरू व्हायच्या आधी, तेव्हा 'वा, काय कारागिरी' असं वाटलं. दुसऱ्यांदा सेनपाईच्या हाताचं झाल्यावर. तेव्हा पंधरा मिनिटांत बाहेर आले.

आणि ही दोरी इतिहासजमाही झालेली नाही. इथल्या पोलिसांच्या साहित्यात आजही बेड्यांबरोबर दोरी असते, आरोपीला न्यायालयात आणताना कमरेला दोरी असते. वकील मंडळी त्यावर आक्षेप घेतात. टीव्हीवर बातमी दाखवताना आरोपीचे हात धूसर करतात. तीच जुनी दोरीची लाज. अटक होणे याला बोलीभाषेत अजूनही 'दोरीत जाणे' अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे.

कट्ट्यावरचा बापू

उत्तर प्रामाणिक आहे. मत बदललं नाही, पण वाचतोय.

जुना वेत

उशिरा आलो. मल्लखांबाचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही. बाळंभट्टदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाला ऊर्जितावस्था आणली हे सर्वश्रुत. आज ज्याला आपण दोरीचा मल्लखांब म्हणतो तो आधी वेताचा होता. चांगला वेत मिळेनासा झाला तशी सुती दोरी आली. वेत तुमच्याशी भांडतो, दोरी तुमचं ऐकते. म्हणून वेतावर शिकलेल्यांची पकड वेगळी. ताईंनी जपानी दोरीबद्दल लिहावं, ती कशाची असते? सुती?

दोरवेल

@जुना वेत, साष्टांग. वेतावर शिकलेलं कोणी अजून भेटेल असं वाटलं नव्हतं.

दोरी परंपरेने आसाची, म्हणजे भांगेच्या झाडाच्या सालीची. पण १९४८च्या कायद्याने इथे त्या शेतीला परवाना लागला, तशी ती दुर्मीळ आणि महाग झाली. आता बऱ्याच जणांच्या हातात असतो तो ताग! आपला ताग, पोत्याचा, सुतळीचा. तो पिकतो मुख्यत्वे भारतात आणि बांगलादेशात. किराणा दुकानात सुतळीच्या वासात वाढलेली मी, इथे सेन्सेईंनी अदबीने दोन्ही हातांनी दोरी पुढे केली आणि नाकात थेट वाण्याचं दुकान शिरलं.

नवी दोरी खरखरीत असते. ती ज्योतीवरून झरझर फिरवून बाहेर आलेले केसाळ तंतू जाळायचे, पुसायची, मग कॅमेलियाच्या बियांच्या तेलाचा अगदी हलका हात. तेल जास्त झालं तर दोरी मऊ पडते आणि वेढा धरत नाही. माझी पहिली दोरी मी अशीच वाया घालवली, केसांना लावतात तसं चोपडून. सेन्सेईंनी ती बोटांत धरली, वास घेतला, आणि विचारलं, "तळणार आहेस?"

पीळ उलटा फिरला की दोरीत माकडं पडतात (आम्ही मल्लखांबात असंच म्हणायचो, तुमच्याकडे काय म्हणतात?). म्हणून गुंडाळून ठेवताना तिच्या पिळाच्या दिशेनेच गुंडाळायची. सुंभ जळतो पण पीळ जात नाही हे आपण टोमणा म्हणून वापरतो, इथे तो शब्दशः अनुभव आहे.

निरगाठ

आमच्याकडे 'आळे पडले' म्हणतात. माकडं जास्त छान आहे.

एक विचारतो. तुम्ही जोडीदाराशी जुळण्याबद्दल लिहिलंत, त्याला जपानीत काही शब्द आहे का?

दोरवेल

@निरगाठ, आहे, आणि तो तुमच्याच नावाचा भाऊ आहे. मुसुबी. गाठ. आयकिदोवाले समोरच्याच्या हालचालीशी जुळण्याला हाच शब्द वापरतात. तांदळाचा मुटका इथे दुकानात मिळतो, त्यालाही ओमुसुबी म्हणतात. आपल्याकडेही 'वाटेत गाठ पडली' म्हणजे भेटच की.

फक्त एवढं आहे की हायानावात गाठ नसते, तरी मुसुबी असावी लागते. सेन्सेईंना हे मी माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि "खांदा" म्हणाले. माझा खांदा वर आला होता.

रात्रपाळी

पुण्या-मुंबईत कुठे शिकता येईल? व्हिडिओ बघून चालेल का?

दोरवेल

वेढे कसे घ्यायचे ते व्हिडिओत दिसतं. खांदा कधी जड झाला ते दिसत नाही. ज्युदो किंवा आयकिदोचा चांगला वर्ग जवळ असेल तर आधी तिथे वर्षभर पडायला शिका. दोरी नंतर. आणि फिजिओताईंचा प्रतिसाद छापून भिंतीला लावा.

पावटा

अहवाल. काल रात्री नवऱ्याच्या मनगटांना उशीच्या अभ्र्याची नाडी लावून पाहिली. गळा नाही, दंड नाही, कात्री शेजारी, फिजिओताई शपथ. त्याच्या श्वासाकडे लक्ष दिलं, सोडताना ओढलं. एवढा शांत झाला की बसल्या जागी घोरायला लागला. मी अर्धा तास तशीच, नाडीचं टोक धरून. उठवायचं होतं का?

दोरवेल

गाठ मारली होतीस?

पावटा

नाही.

दोरवेल

मग टोक सोडायचंस ना!